काटा कुणाचा, पोट कुणाचं?

प्रति,
खार (‘खार खाणे’ यातला),
मुक्काम : ज्याच्या त्याच्या पोटात,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर.

स. न. वि. वि.

पत्त्यात कंस घालावा लागला, रागावू नकोस. नुसतं ‘खार’ लिहिलं असतं तर पोस्टमनने पत्र लिंबाच्या झाडावरच्या खारीला दिलं असतं, नाहीतर लोणच्याच्या बरणीत टाकलं असतं. तुझं नाव घेतलं की आधी तुझी ओळख पटवावी लागते, आणि ती पटवायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

पत्र लिहायला निमित्त झालं ते एका चहाचं. परवा पाळी बदलायच्या वेळेला एमआयडीसीतल्या टपरीवर उभा होतो. शेजारी दोन विणकर. एकजण तेलुगू वळणाच्या मराठीत सांगत होता, “जॉबर माझ्यावर खार खाऊन हाय बे. चांगलं बीम कधी माझ्या मागावर चढवत न्हाई.” दुसरा दख्खनीत म्हणाला, “छोड रे, वो तो सबपेच खार खाता.” टपरीवाला घरात कानडी बोलणारा. तोही गाळणं झटकत हसला. तीन घरभाषांची तीन माणसं, मध्ये तू एकटा, आणि तुझा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. सोलापुरात एवढं सगळ्यांचं असणं सोपं नाही. चादरीला जमलं, शेंगाच्या चटणीला जमलं, आणि तुला.

या वसाहतीतल्या एका टॉवेलच्या शेडमध्ये मी बरीच वर्षं वही लिहिली. सुताचे गठ्ठे, बीमं, डझनांचे आकडे, हप्त्याचा पगार, कपात, सगळं माझ्या हाताखालून गेलं. तुझं नाव मी वहीत कधी लिहिलं नाही. पण तुझ्या सांगण्यावरून केलेली एक नोंद आहे. तिच्याकडे शेवटी येतो. आधी तू कोण, ते नीट बोलू.

मराठीत ‘खार’ नावाचे तिघं एकाच दारात राहतात. पहिली झाडावरची खार. सेतू बांधताना अंगाला चिकटलेली वाळू नेऊन झटकणारी, ‘खारीचा वाटा’ ठेवून गेलेली. दुसरा मिठाचा खार. संस्कृतातला ‘क्षार’ प्राकृताच्या वाटेने येताना ‘खार’ झाला. खारट, खारवणे, खारे दाणे, लोणच्याचा खार हे त्याचं गणगोत. तिसरा तू. तुझं मात्र या दोघांशी काही नातं नाही. तू फारसी. फारसीत ‘ख़ार’ म्हणजे काटा. पाठीवर काट्यांचं रान वागवणाऱ्या छोट्या प्राण्याला तिकडे ‘खारपुश्त’ म्हणतात, म्हणजे काटेपाठ्या. गुलाबाच्या शेजारी बसवून फारसी आणि उर्दू कवींनी तुला शतकानुशतकं राबवलं.

तुझ्या मुळातला ‘ख’ घशाच्या तळातून खरवडत निघतो. मराठीच्या घशाला ती खरवड मानवत नाही. खबर, खर्च, खजिना, खुशी या सगळ्यांचा ‘ख’ आपण आपल्या खलबत्त्यातल्या ‘ख’सारखा करून घेतला, तसा तुझाही केला. खरवड गेली आणि तू मिठाच्या खाराचा जुळा भाऊ दिसायला लागलास. हिंदीवाले तुझ्या पायाशी निदान नुक्ता देतात. मराठीत तोही नाही. म्हणून लहानपणी माझी समजूत अशी की, खार खाल्ला की माणसाचं तोंड खारट होतं आणि म्हणून तो वाकडं बोलतो.

गंमत बघ, या वसाहतीत मिठाचं काम तुझ्या नेमकं उलट आहे. डाइंगमध्ये जाऊन उभा राहा. सुती धागा पाण्यात बुडाला की त्याच्या अंगावर ऋण भार येतो. रिॲक्टिव्ह रंगाचे कणही ऋण भाराचेच. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. म्हणून टाकीत मीठ घालतात, गडद रंगाला जास्त. मिठातला धन भार मध्ये पडतो, दुरावा कमी होतो, रंग धाग्याला जाऊन भिडतो. मग सोडा ॲश पडला की दोघांची गाठ अशी पक्की होते की घरोघरच्या धुण्यातही सुटत नाही. मीठ मात्र धुऊन निघून जातं. न जमणाऱ्या दोघांना जवळ आणणारा हा तुझ्या नावाचा, तुझ्या आवाजाचा भाऊ. आणि तू?

तू काटा. आणि टॉवेलला काटा काय करतो, ते या रोडवरच्या कोणत्याही पोराला विचार. टॉवेलला दोन ताणे असतात. एक जमिनीचा, घट्ट ताणलेला. दुसरा लूपचा, सैल सोडलेला. दोन बाणे फणी थोड्या अंतरावर थांबवून ठेवते, तिसऱ्याला पूर्ण ठोकते. तिन्ही बाणे एकदम पुढे सरकतात, सैल ताणा वर उभा राहतो आणि लूप तयार होतो. या लूपला गाठ नसते. शेजारच्या धाग्यांनी दाबून धरलंय, एवढ्याच विश्वासावर तो उभा. रिकाम्या प्लॉटवरच्या वेड्या बाभळीला एक टॉवेल नुसता घासून जाऊ दे. एक लूप अडकतो, ओढ बसते आणि त्याच्याबरोबर ओळीतले शेजारीही निघतात. टॉवेल फाटत नाही, वापरता येतो, पण पहिल्या प्रतीत जात नाही. तुझं काम असंच. तुझ्यापायी माणसं एकमेकांना क्वचितच मारतात. फक्त ओळ उसवते.

आता प्रश्न असा की काटा ‘खायचा’ कशाला? मराठीत खुनशीपणाला बऱ्याच क्रिया आहेत. आकस धरतात. दात धरतात. डूख धरतात, आणि तो सापाचा. उट्टं काढतात, वचपा काढतात. हल्ली कॉलेजातली पोरं खुन्नस देतात, तीही नुसत्या डोळ्यांनी. धरलेलं सोडता येतं, काढलेलं संपतं, दिलेलं परत घेता येतं. तू तेवढा खाल्ला जातोस. खाण्याची ही सवय तुझ्या माहेरची. फारसी माणूस शपथ खातो, दुःख खातो, आणि पाय घसरून पडला तर ‘जमीन खातो’. तिथल्या ‘खुर्दन’ म्हणजे खाणे या क्रियेचं ‘खोर’ हे पिल्लू आपल्याकडे आलं आणि चुगलखोर, हरामखोर झालं. भांडखोर करताना तर आपण अस्सल मराठी भांडण त्याच्या तोंडात दिलं. आपल्यालाही ही भाषा मानवली. आपण मार खातो, शिव्या खातो, भाव खातो, खस्ता खातो, शेजाऱ्याचं डोकं खातो. पैसे खाणाऱ्यांचं तर विचारूच नये.

पण या सगळ्या खाण्यांत तुझं खाणं सगळ्यांत शब्दशः खरं. काटा घशाखाली उतरत नाही. तुझा दूरचा नातेवाईक ‘गुस्सा’ आठव. अरबीत त्याचा मूळ अर्थ घशात अडकलेला घास, गुदमरणं. राग हा अर्थ त्याला पुढच्या प्रवासात मिळाला. दुसरा नातेवाईक ‘गम’. अरबीत दुःख. फारसीत ‘गम खाणं’ म्हणजे शोक करणं. मराठीत येईपर्यंत काहीतरी घडलं आणि आपण म्हणायला लागलो, “जरा गम खा.” म्हणजे धीर धर, थांब, बघ. दुःख गिळायला शिकता शिकता कुणाच्या तरी पोटात धीर तयार झाला असणार. तुझ्याबरोबर एकाच पंगतीला बसलेला हा शब्द. एकाच ताटातलं कुणी काय उचललं, एवढाच फरक.

सोलापूरला तू उपरा नाहीस. सिद्धेश्वर तळ्याच्या काठावरच्या त्या किल्ल्याला विचार. 1524 मध्ये विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा सोलापुरात भेटले. इस्माईलची बहीण मरियम बुऱ्हाणला दिली, आणि सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख आंदण द्यायचं कबूल झालं. लग्न झालं, किल्ला मिळाला नाही. दुसऱ्याच वर्षी सोयरे रणांगणावर समोरासमोर आले. त्यानंतर चाळीस वर्षं हा किल्ला दोन दरबारांच्या घशात अडकून राहिला. कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. शेवटी 1564 मध्ये हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, आणि सोबत आंदण म्हणून सोलापूर. तेव्हा कुठे घास उतरला. पुढच्याच जानेवारीत दोघं खांद्याला खांदा लावून विजयनगराविरुद्ध लढले. आदिलशाहीच्या पदरी राहून फारसीत इतिहास लिहिणाऱ्या फेरिश्ताने या हकिगती नोंदवल्या आहेत. त्याच्या भाषेत काट्याला तुझंच नाव. बघ, या कज्ज्यात किल्ल्याचा दगड कुणाला टोचत नव्हता. टोचत होता तो दिलेला आणि न पाळलेला शब्द. हे लक्षात ठेव, मला पुढे लागणार आहे.

तोच फेरिश्ता आणखी एक गोष्ट सांगतो. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणले, आणि ते लिहायला ब्राह्मण कारकून आले. वरचा अधिकारी फारसी, खालचा कारकून मराठी, दारातला शिपाई दख्खनी. अशा उंबऱ्यांवर शब्द एका जिभेवरून दुसरीवर उड्या मारतात. म्हणजे तुझ्यासारख्यांना आत घेण्यात माझ्यासारख्या वही लिहिणाऱ्यांचा खारीचा वाटा आहेच.

तुला बाहेर काढायचे प्रयत्न झाले, असंही म्हणता येत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. रघुनाथ पंडितांनी दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यात दहा वर्ग आहेत. राजवर्ग आहे, दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, बाजाराचा पण्यवर्गसुद्धा आहे. पोटातल्या भानगडींचा वर्ग नाही. राज्य चालवायला लागणारे शब्द बदलले, भांडायला लागणारे तसेच राहिले. माधव जूलियनांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश दिला. फारसीचा हा प्राध्यापक आणि कवी पुढे स्वतःच भाषाशुद्धीच्या बाजूला उभा राहिला. तरी टपरीवरून तुला कुणी हलवू शकलं नाही.

आणि टपरीवर तुझ्या शेजारी कोण कोण बसतं, बघ. कानडीत मत्सराला ‘होट्टेकिच्चु’ म्हणतात. होट्टे म्हणजे पोट, किच्चु म्हणजे आग. तेलुगूत ‘कुळ्ळु’, म्हणजे कुजणं. मराठी माणसाचं दुसऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं, नाहीतर तो नुसताच जळतो. इंग्रजीतला ‘रँकर’ही लॅटिनच्या खवट वासातून आलेला, तो तेलुगूचा मावसभाऊ शोभेल. सगळ्यांचा पत्ता पोटाचाच. पण नीट बघितलं तर तुझी गोष्ट वेगळी. आग पोटात पेटते. कूज पोटात धरते. दुखणं पोटातून उठतं. काटा पोटात उगवत नाही. तो बाहेरून येतो. कुठल्यातरी झाडाचा असतो, कुणीतरी वाटेत टाकलेला असतो. इतर सगळे शब्द म्हणतात, या माणसाचं पोटच वाईट. तू एकटा म्हणतोस, याच्या पोटात काहीतरी गेलंय.

हे तुझं मूळ आम्ही विसरलो, आणि तिथून घोळ झाला.

कारण या वसाहतीत तुझा वापर कसा होतो, ते मी बघितलंय. मालक म्हणतो, कामगार खार खातो. कामगार म्हणतो, जॉबर खार खातो. वाटणी झालेल्या दोन भावांच्या शेडमध्ये एक भिंत, पलीकडच्याला बोअरचं पाणी मिळू नये म्हणून अलीकडची टाकी भरून वाहते आणि दोघंही म्हणतात, खार तो खातो. वर्गात मास्तरांनी क्रियापद चालवायला शिकवलं होतं : मी, आम्ही, तू, तुम्ही, तो, ते. तू एकटा असा, की तुझं चालवणं थेट ‘तो’पासून सुरू होतं. ‘मी त्याच्यावर खार खाऊन आहे’ असं वाक्य मी तरी या रोडवर ऐकलेलं नाही. माणूस ‘माझं डोकं फिरलं’ म्हणेल, ‘मला वाईट वाटलं’ म्हणेल, ‘मी त्याला बघून घेईन’ असंही म्हणेल. तुला मात्र कुणी स्वतःच्या ताटात वाढून घेत नाही.

आणि ‘तो खार खातो’ एवढं म्हटलं की पुढचं बोलणं बंद. तो काय म्हणतोय, ते ऐकायची गरज उरत नाही. कमी डझन लागले म्हणतोय? खार खातो. पाळी बदलून मागतोय? खार खातो. तुझ्या मदतीने तक्रारीला स्वभाव ठरवता येतं. स्वभावाला औषध नसतं, हे आपल्याकडे आधीच ठरलेलं.

खरा खुनशीपणा जगात नाही, असं माझं म्हणणं नाही. मराठीला तो चांगला ठाऊक आहे. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे आपल्या म्हणीत आहेत. नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे, म्हणणारीही आहे. स्वतःचं नुकसान सोसून दुसऱ्याचं करायचं, हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही. पण 1982 मध्ये वर्नर ग्यूथ या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला, तो मला आमच्या शेडमधला वाटतो. दोन माणसं, एक रक्कम. पहिल्याने वाटणी ठरवायची, दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर दोघांनाही काही मिळणार नाही. हिशेबाने बघितलं तर शंभरातला एक रुपयाही घ्यायला हवा, शून्यापेक्षा बराच. पुढे देशोदेशी हा खेळ खेळवला गेला, आणि वाटा फारच कमी असला की बरीच माणसं नाही म्हणाली. दोघांचेही पैसे बुडवले. वाटणी करणारा बाहेर येऊन काय म्हणत असेल? खार खातो. आणि नाही म्हणणारा? तो म्हणेल, मला हलकं समजू नका. एकाच कृतीची ही दोन नावं. कोणतं लावायचं, ते वाटणी कुणाच्या हातात होती त्यावर ठरतं.

शब्दांचं नशीब फिरतं, हेही तुला सांगून ठेवतो. ‘मत्सर’ ऋग्वेदात सोमरसाचं विशेषण होतं. अर्थ : उल्हास आणणारा, धुंद करणारा. तिथून घसरत तो दुसऱ्याचं बरं न बघवण्यावर आला. प्राकृतात त्याचा ‘मच्छर’ झाला. आणि संस्कृत कोशांत तर मत्सराचा एक अर्थ डास असाही सापडतो. उलट ‘जिद्द’. अरबीत ‘ज़िद्द’ म्हणजे विरुद्ध, प्रतिपक्षी. हिंदीत ती हट्टापर्यंत आली. मराठीत तिला आपण डोक्यावर घेतलं. आज विडी कामगाराच्या दहावी पास झालेल्या मुलीच्या बातमीचा मथळा तिच्याशिवाय पुरा होत नाही. आनंदाचा डास होतो आणि विरोधाची जिद्द होते. तुझंही काही होऊ शकलं असतं. ‘याला कुठेतरी काटा लागलाय, बघू या’ एवढ्यापर्यंत तू परत गेला असतास, तरी माझं एक पाप वाचलं असतं.

आता ती नोंद.

आमच्या शेडमध्ये एक विणकर होते. तेलुगू घरातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो, ते मला दिवाणजी म्हणायचे. एका पगाराच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर वही फिरवून घेतली, बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, “दिवाणजी, दोन डझन कमी लागलेत.” बरोबर होतं. चूक माझी होती. मी आकडा दुरुस्त केला, मालकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, संपलं. निदान वहीत संपलं.

महिन्याभराने अण्णांच्या मागावरून डॅमेज यायला लागलं. टॉवेलच्या अंगावर मध्येच लूप ओढलेले. चेकिंगच्या टेबलावरच्या बाई मला विचारायच्या, “हा चालतोय की, पहिल्यात टाकू का?” पूर्वी मी ‘टाका’ म्हणालो असतो. आता म्हणायचो, “सेकंड.” सेकंडला नगामागे कपात. ती मी न चुकता लावत गेलो. अण्णा दोनदा येऊन सांगून गेले, “टॉवेल पसरा आणि पट्टीनं मोजा. ओढ एकसारख्या अंतरावर पडतीय. माणूस मोजून चुकत नसतो.” मी पट्टी घेतली नाही. मालकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, “जॉबरची जागा मिळाली नाही ना त्यांना. खार खाऊन आहेत.” अर्ध्या मिनिटाचं वाक्य. त्यानंतर त्या मागाकडे कुणी बघितलं नाही, सगळे अण्णांकडे बघायला लागले. दोन महिन्यांनी ते काम सोडून गेले.

त्यांच्या मागावर नवा पोरगा आला. डॅमेज येतच राहिलं. पोरगा नवा, त्याला कसलीही जागा नाकारलेली नव्हती, म्हणून मग फिटरला बोलावलं. विणलेलं कापड ओढून घेणारा रोलर टॉवेलच्या मागावर सुयांचा असतो, लूप चेपू नयेत म्हणून. त्यातली एक सुई मुडपून उलटी झाली होती. रोलरचा एक फेरा झाला की ती एकदा वर यायची, एक लूप पकडायची आणि सोडायची. फिटरने पक्कड लावली. दोन मिनिटांचं काम. सुई त्याने माझ्या टेबलावर, वहीवरच ठेवली. सगळे जेवायला गेल्यावर मी एक जुना सेकंडचा टॉवेल पसरला आणि पट्टी लावली. एकसारखं अंतर. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

काटा होता. मागात होता, बाहेर होता, मोजता येत होता. आणि मी तो अण्णांच्या पोटात दाखवला.

त्यांची कपात 340 रुपये निघाली. मालक म्हणाले, आले तर देऊ. मी ती ‘देणे’ म्हणून नोंदवली. चार वर्षं पान उलटताना पुढे ओढत नेली. मग शेड विकली गेली, वह्या रद्दीत गेल्या. अण्णांचं घर मला माहीत होतं. पत्ता माझ्याच हजेरीच्या वहीत होता, सायकलवर वीस मिनिटं. गेलो नाही. सांगत राहिलो की पैसे माझ्या हातात नव्हते. मोजायची पट्टी तर माझ्याच हातात होती.

तर हे पत्र. तुला हाकलायला लिहिलेलं नाही. तू जा म्हटल्याने जाणार नाहीस आणि तुझ्या जागी खुन्नस येऊन बसेलच. एवढंच मागणं आहे की, यापुढे कुणाच्या तोंडी ‘तो माझ्यावर खार खातो’ असं आलास, तर जरा घशात अडक. बोलणाऱ्याला ठसका लागू दे. तेवढ्या वेळात कुणीतरी टॉवेल पसरेल, पट्टी आणेल. आपल्याच शेजारच्या शब्दाचं ऐक : गम खा.

आणि तुझ्या क्रियापदाची एक जागा कायम रिकामी राहते, असं मघाशी म्हणालो ना? प्रथम पुरुष, एकवचन, भूतकाळ. ती भरून पाठवतोय. जपून ठेव, या रोडवर पुन्हा लवकर मिळायची नाही.

मी त्यांच्यावर खार खाऊन होतो. अण्णा नव्हते.

कळावे,
एक जुना दिवाणजी